पिपीलिका आणि विहंगम : इंचगेरी परंपरेतील नित्यनेमाचा विचार

साधनमार्गावरील दोन भाविक एकत्र आले म्हणजे आपापल्या गुरूंच्या उपदेशाची तुलना होणे स्वाभाविक आहे. एकाच्या गुरूंनी त्रिकाल ध्यानाचा नेम घालून दिलेला असतो. दुसऱ्याच्या गुरूंनी केवळ नामाची माळ हाती ठेवलेली असते. तिसऱ्यास ‘तू कोण आहेस तेवढे जाण, मग करण्याजोगे काही उरत नाही’ असा बोध झालेला असतो. श्रद्धेने आरंभिलेला संवाद मग पुष्कळदा वादात परिणत होतो, आणि ज्या नेमाविषयी वाद चालला तो नेम त्या दिवशी तसाच राहून जातो. भिन्न संप्रदायांत असे मतांतर दिसले तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु एकाच सद्गुरूंनी अनुग्रह दिलेल्या शिष्यांत, एकाच नामाच्या उपासकांत, दैनंदिन साधनेच्या स्वरूपाविषयी मतभेद उत्पन्न व्हावा, ही गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. भीमेच्या दक्षिणेकडील मराठी-कानडी सीमाप्रदेशात वाढलेल्या इंचगेरी परंपरेच्या इतिहासात असा एक प्रसंग घडला आहे.

या परंपरेचे आदिपुरुष म्हणजे श्रीनिंबर्गी महाराज. त्यांना श्रीगुरुलिंगजंगम महाराज या नावानेही ओळखतात. ते लिंगायत कुळातील गृहस्थ होते. कोल्हापूरजवळील कणेरीच्या सिद्धगिरी मठाच्या काडसिद्ध परंपरेतून त्यांना नाम प्राप्त झाले, आणि दीर्घ आयुष्यभर त्याचे अनुसंधान राखून ते १८८५ साली समाधिस्थ झाले. त्यांचा बोध कानडीत होता आणि तो ‘बोधसुधे’ या नावाने संगृहीत झाला. घरदार सोडावे, जातिकुळाचा अभिमान मिरवावा किंवा चमत्कारांच्या मागे लागावे, असे त्यांच्या उपदेशात कोठेही नाही. गुरूने दिलेले नाम, त्याचे नित्य चिंतन आणि शुद्ध आचरण, एवढेच त्यांचे सांगणे होते.

त्यांचे पट्टशिष्य श्रीभाऊसाहेब महाराज देशपांडे (१८४३–१९१४) हे जत तालुक्यातील उमदीचे देशस्थ ब्राह्मण. ब्राह्मण कुळातील पुरुषाने लिंगायत सद्गुरूंचे चरण धरावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सद्गुरूंच्या समाधीच्या वर्षीच, म्हणजे १८८५ साली, भाऊसाहेबांनी विजापूर (आताच्या विजयपुर) जिल्ह्यातील इंचगेरी येथे मठाची स्थापना केली. या मठातील दैनंदिन क्रमाने परंपरेला निश्चित आकार दिला. सकाळ, दुपार व रात्र अशा ठरलेल्या वेळी भजन, दासबोधाचे वाचन, आणि या सर्वांच्या मुळाशी नामाचे ध्यान, असा तो क्रम होता. मराठी अभंगांच्या जोडीला कानडी पदे तेथे गायिली जात, व दोन्ही भाषांचे भाविक एकाच पंक्तीस बसत. ध्यानास बसणे या क्रियेलाच त्या परंपरेत ‘नेम’ हे नाव पडले. ‘नेम झाला काय?’ हा तेथील प्रश्न क्षेमकुशलाच्या प्रश्नाइतकाच सहज असे. भाऊसाहेबांचा कटाक्ष सातत्यावर होता. शरीर थकले, मन विटले, कार्य आड आले, तरी नेम चुकू नये, ही त्यांची शिकवण. त्यांच्यामागे ही धुरा जिगजेवणीचे श्रीअंबुराव महाराज (१८५७–१९३३) यांनी त्याच निष्ठेने वाहिली.

भाऊसाहेबांच्या शिष्यमंडळींत पुढे दोन पुरुष विशेष प्रसिद्धीस आले. पहिले श्रीगुरुदेव रानडे. रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म १८८६ साली जमखंडी येथे झाला, आणि १९०१ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांस भाऊसाहेबांकडून नाम मिळाले. पुढे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी कुलगुरुपदही भूषविले. उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली, आणि महाराष्ट्रातील संतांच्या अनुभवमार्गावरील ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. बेळगावातील तौलनिक तत्त्वज्ञान व धर्म यांची अकादमी ही त्यांच्याच प्रेरणेचे फळ होय. दुसरे श्रीसिद्धरामेश्वर महाराज. यांचा जन्म १८८८ साली सोलापूर जिल्ह्यातील पाथरी गावी झाला. विजापुरास एका मारवाडी पेढीवर हिशेबाचे काम करीत असता १९०६ साली त्यांस भाऊसाहेबांचे दर्शन व अनुग्रह लाभला. एक विद्यापीठात अध्यापन करणारा, दुसरा पेढीवरील जमाखर्च लिहिणारा; परंतु दोघांच्या अनुग्रहात अवघे पाच वर्षांचे अंतर, आणि दोघांचा गुरू एकच.

भाऊसाहेबांच्या निर्वाणानंतर सिद्धरामेश्वर महाराज काही गुरुबंधूंसमवेत संप्रदायाच्या प्रचारासाठी हिंडू लागले. संप्रदायात सांगितला जाणारा वृत्तांत असा की, १९२० च्या सुमारास त्यांच्या मनात एक विचार दृढ झाला. ध्यान ही प्रारंभीची पायरी आहे. तिच्या पलीकडे गेल्यावाचून अंतिम वस्तूची प्राप्ती नाही. त्यांनी हा विचार गुरुबंधूंपुढे मांडला, तेव्हा त्यांस तो रुचला नाही. ‘महाराजांनी आपणांस असे कधी सांगितले नाही,’ हा त्यांचा आक्षेप. ‘त्यांनी सांगितले नसेल, तरी त्यांच्या सांगण्याच्या पुढे जाता येते,’ हे सिद्धरामेश्वरांचे उत्तर. अखेर ते मंडळींपासून वेगळे होऊन विजापुरास परतले आणि निकराने आत्मविचारात मग्न झाले. पुढे त्यांनी जो उपदेश केला त्यास ‘विहंगम मार्ग’ हे नाव रूढ झाले, आणि पूर्वीच्या ध्यानमार्गास ‘पिपीलिका मार्ग’. मुंगी झाडाच्या बुंध्यापासून रांगत रांगत फळापर्यंत जाते. पक्षी एका भरारीत तेच फळ गाठतो. श्रवण व मनन यांच्या बळावर, देहापासून अज्ञानापर्यंतच्या एकेका उपाधीचा निरास करीत, साधकाने आपले स्वरूप थेट ओळखावे, हे त्यांच्या बोधाचे सार.

गुरुबंधूंचा आक्षेप क्षुल्लक समजून सोडून देणे न्याय्य होणार नाही. त्यात दोन गोष्टींचे भय होते. गुरुवाक्यात शिष्याने भर घालावयाची, तर ती कोठे थांबवावयाची, हे एक. आणि दुसरे असे की, ‘ध्यान ही केवळ पायरी’ हे वाक्य ज्याने पायरीवर अद्याप पाऊलही ठेवले नाही त्याच्या कानी पडले, तर तो पहाटे अंथरुणातून उठणार कशाला? उलट सिद्धरामेश्वरांचे भयही तितकेच खरे होते. जो नेम वस्तूच्या प्राप्तीसाठी घातला, तो नेमच वस्तू होऊन बसला, तर साधक जन्मभर आवृत्तींची मोजदाद करीत राहील. पेढीवर हिशेब लिहिलेल्या पुरुषास, केवळ हिशेब चोख राहिला म्हणजे धन वाढले असे होत नाही, हे निराळे सांगावयास नको होते.

ही रूपके इंचगेरी परंपरेत प्रथम उत्पन्न झाली असे मात्र नव्हे. कृष्णयजुर्वेदातील वराहोपनिषदात शुकाचा मार्ग विहंगमाचा व वामदेवाचा मार्ग पिपीलिकेचा म्हटला असून, पहिल्याचे फळ सद्योमुक्ती व दुसऱ्याचे क्रममुक्ती असे सांगितले आहे. दोन्ही मार्गांनी जाणारे मुक्तच होतात. भेद आहे तो काळाचा व क्रमाचा. ब्रह्मसूत्रांचा चौथा अध्याय तर याच प्रश्नाने उघडतो : श्रवणादी साधनांची आवृत्ती करावी की एकवारच पुरे? यावरील भाष्यात श्रीशंकराचार्यांनी दिलेला निर्णय अत्यंत समतोल आहे. ज्यास ‘तत्त्वमसि’ हे वाक्य एकदा ऐकताच आत्म्याचा अनुभव येतो, त्यास आवृत्ती निरर्थक; ज्यास तसा येत नाही, त्यास ती आवश्यक. छांदोग्यात श्वेतकेतूस हे वाक्य नऊ वेळा ऐकावे लागले, हे प्रसिद्धच आहे. आचार्यांनी येथे भात कांडण्याचा दृष्टान्त दिला आहे. तांदूळ मोकळा होईपर्यंत मुसळाचे घाव घालावयाचे असतात. घाव किती, याची संख्या शास्त्र सांगत नाही. तांदूळ दिसणे हीच तेथे मर्यादा.

हा दृष्टान्त ध्यानी धरून इंचगेरीच्या मतभेदाकडे पाहिले असता काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, विहंगम मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या सिद्धरामेश्वरांनी स्वतः चौदा वर्षे भाऊसाहेबांनी दिलेल्या साधनेत घालविली होती. त्यांची भरारी कांडण संपल्यानंतरची आहे. दुसरी ही की, दोन्ही बाजूंचा आधारग्रंथ एकच राहिला. मठात ज्या दासबोधाचे नित्य वाचन होई, त्याच दासबोधावर सिद्धरामेश्वरांनी निरूपणे केली. तिसरी गोष्ट त्यांच्या शिष्यपरंपरेत दिसते. १९३६ साली मुंबईत त्यांनी देह ठेवला. वाळकेश्वरी बाणगंगेपाशी त्यांची समाधी आहे. त्यांचे शिष्य श्रीनिसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) यांस १९३३ साली त्यांची भेट झाली होती. मुंबईत विड्यांचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थाचे ज्ञानपर संवाद १९७३ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आले व देशोदेशीचे जिज्ञासू त्यांच्या खेतवाडीतील घरी येऊ लागले. ‘तुम्ही आहातच, होण्यासारखे काही नाही’ अशा अर्थाचे त्यांचे बोलणे. परंतु त्याच घरी सद्गुरूंच्या आज्ञेप्रमाणे दिवसातून चार वेळा भजन होत असे, आणि वार्धक्यातही ते स्वतः त्यात उभे राहत. दूरदेशीच्या पाहुण्यांस याचा अचंबा वाटे. इंचगेरीच्या मठाचा क्रम ज्यांस ठाऊक आहे त्यांस मात्र या भजनाचे मूळ शोधण्यास दूर जावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूसही पाहावे. गुरुदेव रानडे यांनी जन्मभर नामस्मरणाचाच पुरस्कार केला, आणि विजयपुर जिल्ह्यातील निंबाळ येथे १९५७ साली देह ठेवीपर्यंत नेमाची कास सोडली नाही. तथापि नेमाच्या संख्येत ते कधी गुंतले नाहीत. नाम हे अनुभवासाठी आहे, आणि अनुभवाची कसोटी साधकाच्या आचरणात लागते, हा त्यांच्या लेखनातील धागा सर्वत्र दिसतो. म्हणजे आवृत्तीचा आग्रह धरणाऱ्यासही तांदळाचे विस्मरण झालेले नव्हते.

एवढ्यावरून दोघांचा उपदेश एकच होता असे म्हणणे मात्र सत्यास सोडून होईल. ध्यान शेवटपर्यंत चालवावे की विचाराने त्याच्या पलीकडे जावे, या प्रश्नाची दोन उत्तरे या परंपरेत दिली गेली, दोहोंच्या शाखा झाल्या, आणि त्या आजही वेगळ्या आहेत. इतिहासाने त्यांस एका विलक्षण ठिकाणी पुनः एकत्र आणले, हेही तितकेच खरे. ज्या कणेरी मठाच्या परंपरेतून निंबर्गी महाराजांस नाम मिळाले, त्याच मठाचे विसाव्या शतकातील अधिपती श्रीमुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज (१९०५–२००१) यांनी सिद्धरामेश्वरांचे शिष्यत्व पत्करले. कणेरीहून निघालेला प्रवाह निंबर्गी, उमदी, इंचगेरी व विजापूर असा फिरून शतकानंतर पुनः कणेरीस मिळाला. आणि गादीवर बसलेल्या अधिपतीने एका माजी हिशेबनिसाकडून बोध घेण्यात कमीपणा मानला नाही.

उपदेशांची तुलना करणे हे पाप नव्हे. पाठशाळेत पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त शिकवीत नाहीत. पण तुलना करताना उपदेश कोणास, कोणत्या अवस्थेत झाला, हे आधी विचारावे लागते. प्रपंचात विखुरलेल्या मनास भाऊसाहेबांनी ‘बैस’ म्हटले. वर्षानुवर्षे बसून स्थिरावलेल्या मनास सिद्धरामेश्वरांनी ‘ऊठ, पाहा’ म्हटले. पहिल्याचे औषध दुसऱ्याने घेतले तर तो बसूनच राहील, आणि दुसऱ्याचे पहिल्याने घेतले तर तो बसण्यापूर्वीच उठेल. या दोन हानींपैकी दुसरी अधिक सुलभ असते, कारण आळसास ज्ञानाचे वस्त्र फार लवकर शोभू लागते. कोणत्या गुरूंचा मार्ग श्रेष्ठ, हा वाद त्यामुळे साधकाने दुसऱ्याशी घालण्यापूर्वी स्वतःच्या उखळात डोकावून पाहावे. तेथे अद्याप साळ असेल, तर मुसळ खाली ठेवण्याची वेळ आलेली नाही.