मु. पो. पोर्ट

नाव आणि ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हां अंजनवेलकरांना कुणी शिकवावं लागत नाही. वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळते तिथं उत्तरेच्या काठावर दाभोळ आणि दक्षिणेच्या काठावर आम्ही. ते दापोली तालुक्यात, आम्ही गुहागर तालुक्यात. मधे फक्त खाडी. रात्री समोरचे दिवे मोजावेत इतकं दाभोळ जवळ. पण २००३ साली धोपाव्याहून गाड्या नेणारी फेरीबोट सुरू होण्यापूर्वी मोटारीनं जायचं तर चिपळूणवरून वळसा. लाँचनं गेलेला माणूस तिकडे चहा पिऊन परत यायचा, तेव्हा मोटारवाला मार्गताम्हान्यात हवा भरत असायचा.

मोठेपणा सगळा दाभोळकडे. बहामनी काळातलं ते नावाजलेलं बंदर. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला आणि परत जाताना जहाजात बसला तो दाभोळला. पोर्तुगीजांनी १५०८ च्या डिसेंबरात जाळलं तेही दाभोळच. जाळण्यासाठीसुद्धा आमचं नाव कुणाला सुचलं नाही. आमच्या वाट्याला आला खाडीच्या तोंडावरचा गोपाळगड. म्हणजे बंदर त्यांचं आणि राखण आमची.

बरं, हे झालं जुन्या काळचं. १९९२ साली एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची बोलणी सुरू झाली. जमीन अंजनवेल, वेलदूर, रानवी या बाजूची. कंपनीचं नाव मात्र 'दाभोळ पॉवर'. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं दिवाळं वाजलं. वर्तमानपत्रांत, विधानसभेत, कोर्टात गाजलं ते दाभोळ. नावावर भरवसा ठेवून दाभोळला उतरलेल्या माणसाला प्रकल्प दिसायचा खरा, पण पाण्यापलीकडे. पुढे २००५ मध्ये नवी कंपनी निघाली, तिचं नाव 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर'. खाडीपलीकडून उचललेलं नाव थेट जिल्ह्याच्या गावी नेऊन ठेवलं. वाटेत अंजनवेल लागतं, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण संगणक. त्याच्या अंगावर तारा खुपसायच्या ज्या खोबणी असतात, त्यांनाही पोर्टच म्हणतात. आमचा पुण्याचा पुतण्या संगणकांच्या धंद्यात आहे. तो फोनवरून विचारतो, "काका, वायर कुठल्या पोर्टला लावलीय?" मी म्हणतो, "मला कशाला विचारतोस? संगणकालाच विचार की." त्यावर तो म्हणतो, "त्याला ठाऊक नसतं." सगळ्या जगाची माहिती सांगणाऱ्या यंत्राला स्वतःची डावी-उजवी ठाऊक नसावी, याचं मला मोठं नवल वाटलं. मग मी त्याला खोदून खोदून विचारलं. त्यानं जे सांगितलं तो एक छोटासा इतिहासच आहे, आणि अंजनवेलच्या माणसाला तो फार लवकर कळतो.

१९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक, म्हणजे पी. सी., आला. त्याच्या खोबणींची नावं कॉम-१, कॉम-२ अशी. या नावांमागे यंत्राच्या पोटातला एकेक ठराविक पत्ता असे आणि तो पट्टीवरच्या बारीक टोप्या इकडच्या तिकडे करून ठरवायचा. ती पट्टी माणूस स्वतःच्या हातानं बसवायचा. तेव्हा कॉम-२ म्हणजे मागच्या बाजूची खालची खोबण, हे संगणकाला नसलं तरी त्याला पक्कं ठाऊक असे. घरातला डबा कुठल्या फळीवर आहे ते डब्याला कुठं ठाऊक असतं? आजीला असतं, तेवढं पुरतं.

पुढे आजीचं काम संगणकानं आपल्याकडे घेतलं. १९९५ च्या विंडोजनं 'लावा आणि चालवा' असा कारभार सुरू केला, १९९६ मध्ये यूएसबी आली. सोय झाली यात शंका नाही. पण नाव कसं द्यायचं? जो आधी ओ देईल तो पहिला! एस. टी. च्या खिडकीतून ज्याचा रुमाल आधी आत पडला त्याची सीट, तसा हा न्याय. लिनक्समध्ये जाळ्याच्या खोबणींना 'ईथ-०', 'ईथ-१' म्हणत. आज जी ईथ-० आहे ती यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ईथ-१ होऊ शकायची. विंडोजची तऱ्हा आणखी निराळी. एखाद्या उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसला आणि ते शेजारच्या खोबणीत लावलं, की त्याला नवा कॉम क्रमांक. काल ओटीवरून आलेले अण्णा आज परसदारानं आले, म्हणून त्यांना "आपण कोण?" विचारण्यातला हा प्रकार.

यात हसण्यासारखं आहे, तसंच घाबरण्यासारखंही आहे. कचेरीतलं जाळं आणि बाहेरचं जग यांच्यामधे एक पहारेकरी संगणक बसवतात. त्याची एक खोबण आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. रात्रीत नावांची अदलाबदल झाली, तर पहारा उलटा होणार. गोपाळगडाच्या तोफा एका सकाळी गावाकडे तोंड करून उभ्या राहिल्या तर कसं वाटेल, तसंच.

त्यावर २०१३ च्या सुमारास लिनक्सवाल्यांनी तोड काढली. नाव हजेरीवरून न देता जागेवरून द्यायचं. 'ई-एन-पी-३-एस-०' असं मंत्रासारखं काहीतरी दिसतं, पण त्याचा अर्थ सरळ आहे: ईथरनेट, तिसरी वाहिनी, शून्य क्रमांकाचा खण. मी पुतण्याला म्हटलं, "अरे, हा तर पिनकोड!" आणि पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला, तो टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. हे वेलणकर संस्कृतात नाटकं लिहीत. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. गावाचं नाव कुणी कसंही लिहो, पत्र पोचतं.

पण पोचतं कुठवर? पोस्टापर्यंत. पुढे 'देवळामागे, फणसाखालचं घर' हे पोस्टमनलाच ठाऊक पाहिजे. संगणकाचंही तेच. 'पहिल्या वाहिनीची दुसरी खोबण, तिला लावलेल्या हबची तिसरी' एवढं तो बिनचूक सांगतो. तार कुठून कुठे जाते ते त्याला कळतं. ती खोबण पेटीच्या डाव्या अंगाला आहे की पाठीला, ते कळत नाही. कसं कळणार? आपली पाठ कुणाला दिसते?

यावरही उपाय निघाला आहे. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ए. सी. पी. आय. नावाची एक नियमावली आणली होती. तीत पुढे प्रत्येक खोबणीच्या ठिकाणाचा तक्ता आला. खोबण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे की मागे, त्या बाजूच्या कुठल्या कोपऱ्यात, गोल, लंबगोल की चौकोनी, रंग कोणता, झाकणावर आहे का, माणसाला दिसते का. हरवलेल्या म्हशीचं वर्णनसुद्धा कुणी इतक्या बारकाईनं देत नाही. २०२२ मध्ये लिनक्सनं हा तक्ता कुणालाही वाचता येईल असा उघडा करून ठेवला.

गंमत पुढेच आहे. हा तक्ता यंत्र भरत नाही. पेटी बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस भरतो. त्यानं पेटी समोर ठेवून भरला तर संगणक खरं बोलतो. त्यानं रकाने रिकामे सोडले, नाहीतर गेल्या खेपेच्या पेटीचे तसेच उतरवले, की संगणक शांतपणे सांगतो, "डावीकडे." आणि डावीकडे नुसता पत्रा असतो. कुणीतरी कागदावर 'दाभोळ' लिहिलं, की पुढचे सगळे दाभोळच वाचतात.

हे जिथं जिवावर बेततं तिथली गोष्ट पुतण्यानं सांगितली. मोठ्या संगणकांत तोच मजकूर दोन तबकड्यांवर ठेवतात. एक बिघडली तर दुसरी शाबूत. यंत्र कळवतं, "एस-डी-बी बिघडली." समोर कपाटात एकसारख्या दिसणाऱ्या बारा तबकड्या. त्यांतली एस-डी-बी कुठली? बिघडलेली समजून चांगली उपटली, की दोन्हीही गेल्या. कुणाचे पगार, कुणाचे रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्यातच. म्हणून यंत्राला एक हुकूम देतात आणि त्या तबकडीवरचा बारीक दिवा लुकलुकायला लागतो. जाळ्याच्या खोबणींनाही तशी सोय आहे. नाव नाही, पत्ता नाही, नुसता दिवा. आमच्या टाळकेश्वराच्या दीपगृहाचं तरी दुसरं काय काम आहे? दर्यावर्दी त्याला नाव विचारत नाही. दिवा बघतो आणि सुकाणू वळवतो.

"आणि दिवा नसला तर?" मी विचारलं.

"मग आम्ही कागदाची पट्टी चिकटवतो," पुतण्या म्हणाला. "प्रत्येक खोबणीवर. बॉलपेननं लिहून."

"ती चुकत नाही?"

"क्वचित," तो म्हणाला. "लिहिणारा तिथं स्वतः गेलेला असतो ना."