१९३८चा स्विमसूट

आजचा एपिसोड शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बसून मोबाईलवर लिहिलाय, त्यामुळे छोटा आहे.

१९३८ साली हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' आला. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शक मास्टर विनायक आणि हिरोसुद्धा तेच. औदुंबर नावाचा पोरगा ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकतो आणि नट्यांचे फोटो काढून फेकतो. म्हणजे आजच्या भाषेत इन्स्टा अनइन्स्टॉल! मग एका आचार्यांच्या संस्थेत भरती. तिथे त्याच्या मागे लागते किशोरी, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. ती स्विमसूट घालून पाण्यात उतरते, गाणं म्हणते, आणि गड्याचं व्रत डळमळतं.

तेव्हा या सीनवरून मोठा गाजावाजा झाला. आजही मीनाक्षीबाईंचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी सांगतात: स्विमसूट, आणि त्या नम्रता-शिल्पा शिरोडकरच्या आजी. पण सीन नीट बघा ना. किशोरी पाण्यात मजेत आहे, तंतरलीय ती औदुंबरची. अत्र्यांनी खिल्ली उडवलीय त्याच्या व्रताची, तिच्या कपड्यांची नाही.

माझी ताई शाळेत असताना मस्त पोहायची. नववीत कुणीतरी कॉस्च्यूमवरून बोललं, आणि तिने पोहणंच सोडलं. परवा तिला हा सीन पाठवला. बराच वेळ नुसत्या ब्लू टिक. मग रिप्लाय आला, "तेव्हा कॉस्च्यूम मिळायचा कुठे रे?"

सध्या तेच शोधतोय.