सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...



हल्ली आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पहाटेपासून अफर्मेशन यायला लागतात. ‘मी निरोगी आहे’, ‘मी समर्थ आहे’, खाली कमळाचं चित्र. एवढा बोलबाला झालेला हा शब्द आला तरी कुठून, म्हणून जरा शोध घेतला.

मूळ लॅटिन. त्यात ‘फर्मस’ दडलेला आहे, म्हणजे पक्का, न हलणारा. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं आपल्या ‘धृ’ धातूशी लावतात. धारण, आधार आणि धर्म हे शब्द त्याच धातूचे. म्हणजे अफर्मेशन आणि धर्म दूरचे चुलत भाऊच निघाले!

आपल्या भागाकडे आणखी एक धागा आहे. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात). कचेरीचा कारभार उर्दूत, म्हणून जुनी माणसं शपथपत्राला ‘हलफनामा’ म्हणायची. हलफ म्हणजे शपथ; कबुलीला शब्द वेगळा, ‘इकरार’. इकरार आणि करार एकाच अरबी धातूचे, अर्थ स्थिर होणं, ठरणं. आपण एखादीला ‘करारी बाई’ म्हणतो ती त्यातूनच. लॅटिन घ्या, संस्कृत घ्या, अरबी घ्या, सगळ्यांना या शब्दात पाय रोवून उभं राहणंच दिसलं.

कायद्यात मात्र शपथ वेगळी आणि प्रतिज्ञा वेगळी. इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ होता. कोर्टात शपथ घ्यायला ते नकार द्यायचे. बायबलच शपथ घेऊ नका म्हणतं, आणि शपथ घेतली की खरं बोलायचं असेल तर एरवी काय खोटं बोलायचं, असा त्यांचा सवाल. त्यासाठी तुरुंगही भोगला. शेवटी १६९५ च्या कायद्याने त्यांना दिवाणी कामात शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची मुभा मिळाली. मला हे वाचताना आपलं सत्य अणुव्रत आठवलं. तेही कोर्टापुरतं नसतं, भाजीवाल्याशी बोलतानाही असतंच.

आपल्याकडे कंपनीच्या मुलुखात साक्षीदाराच्या हातात गंगाजल नाही तर कुराण देत. लोकांची त्याला हरकत, काम अडायचं. १८४० मध्ये ती पद्धत बंद होऊन हिंदू-मुसलमानांना प्रतिज्ञेवर साक्ष देता येऊ लागली. आता १९६९ चा शपथ कायदा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही दोन्ही आहेत, एक ईश्वरसाक्ष शपथ, दुसरं गांभीर्यपूर्वक दृढकथन. वजन दोघांचं सारखंच. प्रतिज्ञेवर खोटी साक्ष दिली तरी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, आणि वीतराग भगवंतांना आपल्या सातबाऱ्याच्या भांडणात साक्षीला कसं बोलवायचं? माझ्या मते आपल्याला दुसरी वाटच शोभते.

आपल्या शास्त्राने तर होकाराचा फार बारकाईने विचार केला आहे. सप्तभंगीत पहिला भंग ‘स्यात् अस्ति’, दुसरा ‘स्यात् नास्ति’. आहे म्हणायचं, पण कोणत्या अपेक्षेने आहे हे ओळखून. मग साखर तपासायला जाताना ‘मी निरोगी आहे’ म्हणणं मला पटत नाही. ‘आज रात्रीभोजन करणार नाही’ असा नियम घेतला तर तो माझ्या हातातला आहे, निभावला की नाही हे रात्री कळतंही.

पण खरं अफर्मेशन आपण बायका तहसील किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत करतो. ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. वारस दाखला असो की हक्कसोडपत्र, ही वाक्यं छापलेलीच असतात, आपण फक्त सही करतो. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना हक्क दिला, तो त्या वेळी लग्न न झालेल्यांना. २००५ च्या दुरुस्तीने लग्न झालेल्याही मुलाच्या बरोबरीने आल्या. तेव्हापासून माहेरच्या कागदावर आपल्या सहीची गरज फारच वाढली आहे.

आमच्या नात्यात लातूरला तिघी बहिणींनी एका दुपारी असं हक्कसोडपत्र केलं. दोघींनी अंगठा टेकवला, फोटो काढले, मोकळ्या झाल्या. तिसरीने चष्मा मागितला. भाऊ म्हणाला, ‘ताई, नेहमीचंच आहे गं.’ ती म्हणाली, ‘मला जमीन नकोच आहे रे. पण राजीखुशीने म्हणून लिहिलंय, तर काय लिहिलंय ते बघते.’ तिने चार पानं वाचली, आईच्या नावाची चूक दुरुस्त करायला लावली आणि मग सही केली. तोवर सगळे बाकावर बसून होते.