वेबसाइटवर वेळ कशी दाखवायची? लोकेल आणि टाइमझोनमधला फरक

समजा मी उरणकरांसाठी मोरा–भाऊचा धक्का लाँचच्या वेळांची छोटी वेबसाइट बनवतोय. त्यात भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी एक लाँच संध्याकाळी ६:३० ची आहे. सिंगापूरला नोकरी करणारा उरणचा मुलगा गावी यायच्या आधी मोबाइलवर ती वेळ बघतो. कोड नीट नसेल तर त्याला रात्रीचे ९:०० दिसतील, कारण सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तो धक्क्यावर पोहोचेपर्यंत लाँच कधीच गेलेली असेल!

लोकेल म्हणजे काय?
लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेशानुसार वेळ लिहायची पद्धत. जावास्क्रिप्टमध्ये 'टूलोकेलटाइमस्ट्रिंग' या फंक्शनला आपण लोकेलचा कोड देतो. मराठीसाठी तो 'एमआर-आयएन' आहे.

- अमेरिकन इंग्रजी: १२ तासांचं घड्याळ, पुढे पीएम
- ब्रिटिश इंग्रजी आणि जर्मन: २४ तासांचं, म्हणजे १८:३०
- मराठी: १२ तासांचं घड्याळ आणि अंक देवनागरी

गंमत म्हणजे हिंदी लोकेलमध्ये अंक आपोआप इंग्रजी येतात, मराठीत देवनागरी. मराठीतही इंग्रजी अंक हवे असतील तर 'नंबरिंगसिस्टम' हा पर्याय वापरायचा.

टाइमझोन वेगळा!
इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मराठी लोकेल दिलं म्हणजे भारतीय वेळ मिळाली, असं नाही. टाइमझोन सांगितला नाही तर ब्राउझर त्या मोबाइलचाच टाइमझोन धरतो. सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर चालतो, तिथे हेच ६:३० दुपारचे १:०० होतात.

मी काय करतो?
१. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीमध्येच ठेवतो. साडेपाच तास हाताने मिळवत बसत नाही.
२. लाँच, लोकल, दवाखाना अशा एका जागेच्या वेळेसाठी टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा पक्का लिहितो.
३. चॅट, व्हिडिओ कॉल, लाइव्ह मॅच यांसाठी बघणाऱ्याच्या मोबाइलचा टाइमझोन राहू देतो.

थोडक्यात, लोकेल ठरवतं वेळ *कशी* लिहायची आणि टाइमझोन ठरवतो *कुठली* वेळ लिहायची.

तपासायचं असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक टाइमझोन बंद करा, सिंगापूर निवडा आणि पेज रिफ्रेश करा. लाँच ६:३० लाच दिसली, तर तुमचा कोड बरोबर आहे.