‘किम-श्शी’ म्हणालो आणि फसलो

आजचा भाग माझ्या एका फजितीतून सुचलाय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमला सोलचा क्लायंट मिळाला. के-ड्रामा बघून बघून आपल्याला कोरियन येतं, असा माझा समज. पहिल्याच कॉलवर पन्नाशीतल्या मॅनेजरना मी थाटात हाक मारली, ‘किम-श्शी’. मराठी कानाला हे ‘शी!’ वाटतं, पण प्रत्यय आदराचाच आहे. कॉलवर मात्र एकदम शांतता. नंतर तिकडच्या टेस्टरने चॅटवर समजावलं: पूर्ण नावापुढे ‘श्शी’ बरोबरीच्या माणसाला चालतं, नुसत्या आडनावापुढे लावलं की हाताखालच्याला हाक मारल्यासारखं होतं. म्हणायचं ‘किम बुजांग-निम’. आडनाव, हुद्दा, मग ‘निम’.

आपलं अडलं की ‘तुम्ही’वर निभावतं. तिथे तेही नाही. शब्दकोशात ‘तांगशिन’ सापडतो, पण तो नवरा-बायकोत ठीक. अनोळखी माणसाला म्हणालात तर भांडण उकरून काढल्यासारखं. म्हणून समोरच्याचा हुद्दा, वय किंवा नातं माहीत असावंच लागतं, आणि क्रियापदाचा शेवटही त्यावरच ठरतो.

मला वाटायचं, हे सगळं हजार वर्षं जसंच्या तसं चालत आलंय. वाचायला लागलो तर गोष्ट वेगळीच निघाली. चोसन राजवटीत कोणी कोणाशी कसं बोलायचं हे वयापेक्षाही जन्मावर ठरायचं. यांगबान, म्हणजे उमराव घराण्यातलं पोरगं म्हाताऱ्या गुलामाशीही एकेरीत बोलायचं. १८९४ च्या गाबो सुधारणांनी ही जन्माची उतरंड आणि गुलामगिरी कायद्याने मोडली. जिभेवरून ती अर्थातच लगेच गेली नाही.

मग येतो माझा आवडता माणूस, बांग जोंग-ह्वान. जपानी राजवटीचा काळ. मुलांसाठी तेव्हा जे शब्द होते, ते बरेचसे हिणवणारेच. याने ‘ओरिनी’ हा शब्द रुजवला. त्यात मूल म्हणजे वयाने लहान, पण माणूसच, हा भाव आहे. १९२३ साली त्याने याच नावाचं मासिक काढलं, आणि त्याच वर्षीच्या बालदिनाच्या पत्रकात मोठ्यांना सांगितलं गेलं, की मुलांशी आदरार्थी भाषेत, मऊपणे बोला. विचार करा, पाच वर्षांच्या पोराला ‘अहो’! हे कुठून आलं? तो चॉन्डोग्यो पंथातला, पंथाचे नेते सोन ब्योंग-ही यांचा जावई. प्रत्येक माणसात देव आहे ही त्या पंथाची शिकवण. मग मूल अपवाद कसं? १९३१ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी तो गेला. मुलांना ‘अहो’ काही सगळीकडे रुजलं नाही, पण कोरियात आजही ५ मेला ‘ओरिनी’चा दिवस असतो.

कंपन्या यात फार उशिरा आल्या. सीजे ग्रुपने २००० साली हाक मारताना हुद्दे काढून सरसकट नाव आणि ‘निम’ केलं, अगदी अध्यक्षांनाही. याने बॉससमोर तोंड उघडायचं धाडस येतं का? मला शंका आहे. आमच्याकडेही मॅनेजरला पहिल्या नावाने हाक मारतात. अप्रेझलच्या दिवशी त्याचा किती उपयोग होतो, विचारू नका.

हां, किम बुजांग-निमना मी माफीचा मेल टाकला. दोन ओळींचं उत्तर आलं. सुरुवातीला माझं नाव होतं, पुढे ‘निम’ लावलेलं.