कुलूप नसलेलं कोठार

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात मी तीन हिवाळे काढले. पहिल्याच वर्षी, थंडी सुरू होताना, खिडकीबाहेरच्या कठड्यावर सूर्यफुलाच्या बिया ठेवू लागलो. काळ्या टोपीची चिकडी यायची, एक बी उचलायची आणि उडून जायची. थोड्याच वेळात परत हजर. १०-१२ ग्रॅमचा जीव, एवढं खातो तरी किती, असं वाटायचं. पण ती खात नव्हतीच. सालीच्या फटीत, शेवाळात, एकेका जागी एकेक बी खोचून येत होती. हिवाळ्याची बेगमी चालली होती.

चिकडी ही आपल्याकडच्या रामगंगेच्या, म्हणजे वल्गुलीच्या कुळातली. कडाक्याच्या रात्री ती शरीराचं तापमान सुमारे १० अंशांनी खाली आणते आणि अंगातली चरबी जाळत सकाळपर्यंत तग धरते. सकाळी खाणं मिळालं नाही, तर पुढची रात्र निघणं कठीण. अशा वेळी हजारो ठिकाणी लपवलेल्या बिया तिला सापडतात कशा? 'उपजत असेल' म्हणून मी हा प्रश्न सोडून दिला होता. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की तज्ज्ञांनाही इथे स्मरणशक्ती मान्य करायला बराच काळ लागला.

१९५०च्या दशकात नॉर्वेच्या स्वेन हाफ्टोर्न यांनी तिथल्या जंगलांतल्या वल्गुलींची साठवण बारकाईने नोंदवली. त्यांच्या मते प्रत्येक जागा लक्षात ठेवायची गरजच नव्हती. पक्षी नेहमीच्या फांद्यांवर चरत असताना साठवलेला दाणा आपसूक सापडेल. हे पटण्यासारखं होतं, कारण एवढ्याशा मेंदूत हजारो जागा मावतील कशा?

याला छेद गेला तो एका साध्या हिशेबाने. १९७८ मध्ये माल्टे अँडरसन आणि जॉन क्रेब्स यांनी दाखवलं, की साठवणाऱ्याला स्वतःचा साठा इतरांपेक्षा जास्त मिळत असेल, तरच साठवण्याची सवय उत्क्रांतीत टिकेल. कोणालाही सापडणारा साठा करणं म्हणजे शेजाऱ्यांसाठी राबणं.

मग ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात परीक्षा झाली. रिचर्ड काउई, क्रेब्स आणि डेव्हिड शेरी यांनी मार्श टिट पक्ष्यांना सौम्य किरणोत्सारी बिया दिल्या आणि त्या कुठे लपवल्या ते उपकरणाने शोधून काढलं. प्रत्येक बीपासून १० सेंटिमीटर आणि १ मीटर अंतरावर, तशाच जागी, स्वतः एकेक बी ठेवली. १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पक्ष्याने लपवलेल्या बिया आधी नाहीशा होत होत्या. नुसतं चरता चरता सापडत असत्या, तर शेजारच्या बियाही तेवढ्याच लवकर गेल्या असत्या.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग आला. पक्ष्यांच्या डोळ्यांपासून निघणाऱ्या नसा मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात. एक डोळा झाकून पक्ष्याला शेवाळाच्या ट्रेमध्ये बिया लपवू दिल्या. शोधतानाही तोच डोळा झाकलेला असला, तर बिया सापडत. झाकण दुसऱ्या डोळ्यावर नेलं, की पक्षी अंदाजाने चाचपडू लागे. म्हणजे बियांचा वास येत नव्हता. जागा आठवत होती.

१९८९ मध्ये मेंदूतली जागाही हाती लागली. दाणे साठवणाऱ्या पक्ष्यांत हिप्पोकॅम्पस हा भाग मेंदूच्या मानाने मोठा निघाला. त्याला इजा झालेल्या चिकडी बिया लपवत राहिल्या, पण त्यांना त्या शोधता येईनात. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या द्मित्री अरोनोव्ह यांच्या गटाने दाखवलं, की बी लपवण्याच्या प्रत्येक प्रसंगी तिथल्या पेशींचा वेगळाच नमुना उमटतो आणि ती बी परत काढताना तोच नमुना जागा होतो. जणू दर पाकिटावरचा वेगळा बारकोड.

हे सगळं वाचताना माझी एक समजूत बदलली. आठवण म्हणजे मागचं जपणं, असं मी धरून चाललो होतो. चिकडीची आठवण उद्याच्या सकाळसाठी असते. तिच्या कोठाराला दार नाही, राखण नाही. जागा तिला ठाऊक आणि इतरांना नाही, एवढंच त्याचं कुलूप.

माझ्या कठड्यावरच्या बिया समोरच्या मेपलच्या सालीत असणार. मी कित्येकदा त्या झाडाला टेकून उभा राहिलो, मुद्दाम शोधलंही. एकही बी सापडली नाही. जानेवारीतल्या एका सकाळी चिकडी त्याच झाडावर आली, एका फटीशी थांबली आणि चोचीत बी घेऊन उडाली.