शिळेवरील लक्ष्मी आणि पत्र्यावरील लक्ष्मी

श्रोतेहो, दिवाळीपूर्वीं घरोघरीं आवराआवर सुरू झाली, कीं एक लहानसा पेंच गृहिणीपुढें हटकून उभा राहतो. फुटक्या बरण्या भंगारवाल्यास देतां येतात, वर्तमानपत्रें रद्दीच्या काट्यावर चढतात, जुन्या कपड्यांवर बोहारीण एखादें भांडें देऊन जाते. परंतु देवीचें चित्र असलेलें जुनें कॅलेंडर कोठें टाकावें? तें केरांत टाकवत नाहीं, आणि भिंतीवर नव्यासाठीं जागा तर हवी! अखेर अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडापर्यंत कोठल्याही पिंपळाच्या पारावर, तडा गेलेल्या तसबिरींच्या शेजारीं, तें मुकाट्यानें नेऊन ठेवण्यांत येतें. देवता म्हणून तें पूज्य, आणि वस्तु म्हणून टाकाऊ.

ह्या विसंगतीला सव्वाशें वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्यांतील दोन महत्त्वाचे प्रसंग मुंबईच्या एकाच उपनगराशीं, घाटकोपराशीं, निगडित आहेत. त्यांविषयीं मी आज बोलणार आहें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तैलचित्र ही राजवाड्यांतील आणि धनिकांच्या दिवाणखान्यांतील वस्तु होती. त्रावणकोरचे विख्यात चित्रकार राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचीं चित्रें पाहण्यास लोक उत्सुक असत. पण तीं घरीं नेणें फार थोड्यांस शक्य होतें. त्रावणकोर व बडोदा येथें दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांनीं, ह्या चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढून त्या लोकांपर्यंत पोंचवाव्या, अशी सूचना केली. पुढें १८९४ सालीं रविवर्म्यांनीं आपले बंधु राजवर्मा यांच्या साह्यानें मुंबईंत स्वतःचा शिळाछापखाना काढला. त्याचा प्रारंभींचा काळ घाटकोपर येथें गेला, आणि १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळील मळवली येथें हलविण्यांत आला. एकेका रंगासाठीं एकेक शिळा तयार करावयाची, आणि तोच कागद पुनःपुन्हा दाबाखालून काढावयाचा, अशी ती किचकट पद्धति होती. तिच्या योगें कमलासना लक्ष्मी आणि वीणाधारिणी सरस्वती साध्या माणसाच्या भिंतीवर येऊन बसल्या.

ह्या घटनेचें मोल कमी लेखूं नये. ज्या जातींना देवळाच्या पायरीशीं अडविलें जाई, त्यांच्याही घरांत ह्या कागदानें देव आणून दिला. पुजाऱ्याच्या संमतीची त्याला गरज नव्हती. चार पैसे दिले कीं झालें. घरच्या बायका त्या छापील लक्ष्मीला जरीचें पातळ चिकटवीत, टिकल्या लावीत. बाजारानें येथें एक अन्याय थोडासा सैल केला, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे.

परंतु बाजार तेवढ्यावर थांबत नाहीं. १९०१ सालीं छापखाना फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं गेला. पुढें ह्या धाटणीचीं चित्रें कापडाच्या लेबलांवर, काड्यापेट्यांवर, साबणाच्या जाहिरातींवर आणि व्यापाऱ्यांच्या कॅलेंडरांवर सर्रास दिसूं लागलीं. गिऱ्हाईक साबण घेई, आणि देवी बरोबर येई. जी मूर्ति पिढ्यान् पिढ्या एकाच देव्हाऱ्यांत नांदावयाची, तिला आतां बारा महिन्यांचें आयुष्य मिळालें. पारावरच्या त्या पेंचाचा जन्म येथें झाला.

बाजाराच्या ह्या उष्ट्याकडे चित्रकारांचें लक्ष प्रथम युरोपांत गेलें. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, हानोव्हर शहरांत कुर्ट श्विटर्स हा चित्रकार रस्त्यांतील तिकिटें, वेष्टनें, जाहिरातींचे कपटे गोळा करून त्यांचीं चित्रें रचूं लागला. आपल्या कलेला त्यानें ‘मेर्त्स’ हें नांव दिलें. ‘कोमेर्त्स’, म्हणजे व्यापार, ह्या छापील शब्दाचा तो फाटका तुकडा होता.

आतां पुन्हा घाटकोपरास येऊं. १९५९ सालीं तेथें अतुल दोडिया यांचा जन्म झाला. १९८२ सालीं सर जे. जे. कलाशाळेंतून ते पदवीधर झाले, १९९१–९२ मध्यें पॅरिसला शिकून आले, आणि त्यांची चित्रशाळा घाटकोपरांतच राहिली. त्या उपनगराच्या बाजारांत सकाळीं दुकान उघडतांना आणि रात्रीं बंद करतांना लोखंडी शटरांचा जो खडखडाट होतो, तोच जणूं तेथील दिवसाची मर्यादा ठरवितो. १९९२–९३ च्या दंगलींत भर दिवसा खालीं ओढलेल्या शटरांचा अर्थ काय असतो, हेंही ह्या शहरानें अनुभवलें. २००१ सालीं लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयांत जगांतील कांहीं महानगरांच्या कलेचें प्रदर्शन भरलें; त्यांतील मुंबईच्या दालनासाठीं दोडियांनीं कापडाऐवजीं दुकानाचें शटर घेतलें, आणि पाट्या रंगवितात त्या ऑइलपेंटनें त्यावर चित्र काढलें.

ह्याच पद्धतीचें २००२ मधील ‘महालक्ष्मी’ हें त्यांचें चित्र मला आजच्या विषयाचें मर्म वाटतें. शटर खालीं असतां त्यावर कॅलेंडरांतून घरोघरीं पोंचलेल्या धाटणीची महालक्ष्मी दिसते. त्या धाटणीचें कुळ शोधीत गेलें, तर आपण रविवर्म्यांच्या शिळेपाशींच येऊन ठेपतों. शटर वर गुंडाळलें, कीं देवी पत्र्यासह अदृश्य होते, आणि मागें दिसतात गळफास घेतलेल्या तीन तरुण बहिणी. बापाला हुंडा परवडत नाहीं, म्हणून त्यांनीं जीव दिलेला असतो.

दुकान उघडल्यावर माल दिसावा, हा शटराचा नियम. येथें माल म्हणून कोण दिसतें, तें पाहा. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालीं झाला; तरी लग्नाच्या बोलणींत फ्रिज, दुचाकी आणि सोन्याचीं तोळीं यांच्या यादीशेजारीं मुलीचें नांव लिहिलें जाणें थांबलें नाहीं. ज्या घरांत लक्ष्मीचें चित्र भक्तीनें लावतात, त्याच घरांत ‘लक्ष्मी आली’ म्हणून मुलीचें स्वागत होतें, आणि तीच पुढें देण्याघेण्याच्या हिशेबांत ओझें ठरते. वस्तु टाकून देण्याची संवय माणसापर्यंत कशी पोंचते, हें त्या पत्र्याच्या दोन बाजूंनीं दाखविलें आहे.

शटर ही अजून उपयोगांत असलेली वस्तु झाली. हेमा उपाध्याय (१९७२–२०१५) ह्या मुंबईच्या चित्रकर्तीनें त्याहून पुढें जाऊन प्रत्यक्ष भंगारच हातीं घेतलें. मोटारींचे तुकडे, ॲल्युमिनियमचे पत्रे, प्लॅस्टिक यांना रंग देऊन तिनें धारावीच्या वस्तीच्या प्रतिकृती उभ्या केल्या. तिच्या एका कृतीचें नांवच ‘८ फूट × १२ फूट’ असें आहे. तेथील सर्वसाधारण खोलीचें तें माप. शहर जें फेंकतें, त्यावर जगणाऱ्या माणसांचीं घरें त्याच फेंकलेल्या मालांतून दाखविण्यांत तिनें केवढें औचित्य साधलें!

कोणी म्हणेल, कीं अशीं चित्रेंही शेवटीं मोठ्या किंमतीला विकलींच जातात. मग बाजारावर टीका ती कसली? आक्षेप खोटा नाहीं. रविवर्मा छापाचे जे कागद एकेकाळीं घरांतून बाहेर पडले, तेच आज जुन्या वस्तूंचे दुकानदार जपून विकतात. मळवलीचा छापखाना १९७२ सालीं आगींत भस्मसात झाल्यावर तर त्यांचें मोल आणखी वाढलें. बाजार आपल्या निंदेचीही किंमत करूं शकतो. पण किंमत झाली म्हणून प्रश्न मिटत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, यंदा जुनें कॅलेंडर घेऊन पारापर्यंत जाल, तेव्हां हात क्षणभर अडखळेलच. तो संकोच जुनाट समजून झटकूं नका. एका कागदापुढें जो हात थांबतो, तो घरांतील लेकीच्या नांवापुढें रकमा मांडतांनाही थांबावा, एवढेंच मला सांगावयाचें होतें.